बत्ती, बिल्ला आणि डबलसीट: पुण्यातल्या रस्त्यावरच्या भांडणाची पार्श्वभूमी

अंधार पडल्यावर चौकात पोलीस दिसला की सायकलवरून टुणकन उतरायचं आणि हँडल धरून सज्जनासारखं चालू लागायचं, ही युक्ती एके काळी पुण्यातल्या पोराटोरांनाही पाठ होती. दिवा सायकलीला लागतो, पायी चालणाऱ्याला लागत नाही. चौक ओलांडला की पुन्हा टांग मारायची. बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट हे त्या काळचे वाहतुकीतले दोन मोठे गुन्हे. सापडलात तर दंड, नाहीतर चाकातली हवा सोडून दिली जायची. मग पंपवाल्याचं दुकान येईपर्यंत सायकल ढकलत नेणं आलंच.

आज याच शहरात सिग्नलला बाचाबाची ऐकू येते. "अहो काका, कडेनं चालवा की!" "कडेला तुमच्या गाड्या लावल्यात, तिथून कसा जाऊ?" या भांडणाचं मूळ शोधायला लागलं की माग थेट त्या बत्तीपर्यंत जातो. पुण्यात सायकलवाले आधी बहुसंख्य होते, आणि तेव्हाही रस्त्यावरचा बेशिस्त म्हणून बोट त्यांच्याकडेच दाखवलं जायचं.

सायकल इथे इतकी का रुजली, याला फार खोल कारण नाही. शहर लहान आणि बरंचसं सपाट. पेठा, डेक्कन, शिवाजीनगर, लष्कर हे सगळं अर्ध्या तासाच्या आत. कॉलेजातली मुलं, शिक्षक, कारकून, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार, सगळेच सायकलवर. पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. ज्याची स्वतःची नसेल तो तासाच्या भाड्याने घेई. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत. या राजाचं नाव लोकांच्या तोंडी असे, हे आजच्या पिढीला जरा गंमतीचं वाटेल.

महापालिकेचंही सायकलवर लक्ष होतं, पण ते वसुलीपुरतं. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महापालिका अधिनियमात वाहनं, होड्या आणि जनावरं यांच्यावर एका दमात कर लावायची तरतूद होती. वाहनांत सायकलही आली. कर भरला की धातूचा छोटा बिल्ला मिळे, तो सायकलीला अडकवायचा. बाकीचा कारभार पोलिसांकडे. १९३९ चा मोटार वाहन कायदा मोटारींचा, त्यामुळे सायकलवाल्याचा संबंध मुख्यतः १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाखालच्या वाहतूक नियमांशी. त्याला काय काय करायचं नाही, ते सगळं लिहिलेलं होतं. त्याने जायचं कुठून, हा प्रश्न त्या कागदांत नव्हता.

तो प्रश्न दुसऱ्या एका कागदात मात्र होता. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-इंजिनिअरांच्या संस्थेने १९६२ साली सायकलमार्गांसाठी एक मानक काढलं. गर्दीच्या तासाला चारशे सायकली आणि शंभर ते दोनशे मोटारवाहनं जात असतील, तर स्वतंत्र सायकलमार्ग करावा. मोटारवाहनं तासाला दोनशेच्या पुढे गेली, तर सायकली शंभरच असल्या तरी मार्ग हवा. म्हणजे गाड्या वाढतील तशी सायकलीला वेगळी वाट देण्याची गरज वाढते, हे इंजिनिअरांना साठ वर्षांपूर्वीच कळलं होतं. तासाला दोनशे गाड्या! आज लक्ष्मी रस्त्यावर एका सिग्नलला किती सुटतात ते उभं राहून मोजावं. हे मानक होतं, सक्ती नव्हती, आणि पुण्याने ते मनावर घेतलं नाही.

मग आलं १९७२. बजाजची चेतक स्कूटर त्याच वर्षी बाजारात आली आणि फिरोदियांच्या कायनेटिकची लुना मोपेडही त्याच वर्षी. दोन्ही उद्योग इथलेच. पुण्यातली सायकल बाहेरून कुणी येऊन मोडली नाही, घरच्यांनीच मोडली. चेतकसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबत, आणि नंबर लागेपर्यंत सायकल चालवत. सायकल म्हणजे अजून नंबर न लागलेला माणूस, ही समजूत तिथेच कुठेतरी मुरली असावी असं मला वाटतं. लुना याहून धूर्त. तिला चक्क पायडल होते. पायडल मारून ती सुरू करायची, आणि पेट्रोल संपलं तर तशीच रेटत घरी न्यायची. सायकलवाल्याला आपण सायकल सोडतोय हे जाणवूही न देता तिने त्याला मोटारवाला केलं. १९८४ मध्ये तर सायकली बनवणाऱ्या हीरोनेच होंडाशी हातमिळवणी केली. पुण्यात कायनेटिक होंडा आली, बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी, आणि साडी नेसणाऱ्या बायकांनीही सायकली सोडल्या.

रस्ता पूर्वीही दाटीचाच होता, पण त्यावरचे बहुतेकजण साधारण एकाच वेगाने चालत. टांगा, सायकल, हातगाडी, अधूनमधून बस. पुढच्याच्या मागे मागे जायला कुणाला कमीपणा वाटत नव्हता. स्कूटर चाळीसने पळू लागली आणि सायकल बारा-पंधराच्या पुढे जाईना, तेव्हा सायकल वाहन राहिली नाही, अडथळा झाली. हॉर्न वाजू लागला तो त्या वेगांमधल्या फरकाचा. पुढे १९९७ मध्ये ३८ गावं पालिकेत आली, त्याच सुमारास हिंजवडीला आयटी पार्क उभं राहू लागलं, आणि घर ते नोकरी हे अंतर पायडलच्या आवाक्याबाहेर गेलं. जो सायकलवर उरला तो नाइलाजाने उरला.

आणि उरला तो कडेला. ही 'कड' म्हणजे काय चीज आहे ते गाडीतून दिसत नाही. डांबर जिथे संपतं तिथे दीड-दोन हातांची पट्टी असते. तिच्यात वाळू, काचा, बोटभर खोल बसलेली चेंबरची झाकणं, पावसात साठलेलं पाणी. डावीकडे उभ्या गाडीचं दार कधीही उघडतं. बसला थांब्यावर यायचं असतं ते त्याच पट्टीत, आणि उलट्या बाजूने शॉर्टकट मारणारा स्कूटरवालाही तिथूनच येतो. म्हणून अनुभवी सायकलवाला कडेपासून थोडा आत चालवतो. मागचा गाडीवाला त्याला माजोरी समजतो. दोघांचंही आपापल्या सीटवरून बरोबर असतं. पण धडक झाली तर हाडं एकाचीच मोडतात, त्यामुळे मला तरी हे भांडण बरोबरीचं वाटत नाही.

वेगळी वाट शेवटी आली ती दुसऱ्याच योजनेच्या पोटातून. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने गाड्यांऐवजी माणसांच्या येण्याजाण्याचा विचार करायला सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली. शहरं सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या नेहरू अभियानाचा पैसा आला आणि रस्त्यांच्या कडेला सायकलमार्ग दिसू लागले. सातारा रस्ता घ्या किंवा सोलापूर रस्ता, चित्र सारखंच. पेव्हर ब्लॉकचा पट्टा, पुढे झाड, त्यापुढे विजेचा डीपी, मग बसथांबा, मग दुकानाची पायरी, आणि मार्ग गायब. वाहतूक तुंबली की मोटारसायकलवाले त्यात घुसत. सायकलवाले मुख्य रस्त्यावरच राहिले, आणि गाडीवाल्याच्या हातात नवं कोलीत आलं: "तुमच्यासाठी ट्रॅक केलाय ना? मग इथे कशाला?"

डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आठशे किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं कागदावर आलं. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारातून ॲपवरच्या भाड्याच्या सायकली सुरू झाल्या, पिवळ्या-केशरी, जागोजाग उभ्या. तासाच्या भाड्याची जुनीच कल्पना, फक्त दुकानदाराच्या जागी क्यूआर कोड. पण भाड्याची सायकल कुणी पळवू नये म्हणून जुना दुकानदार चेहरा आणि पत्ता लक्षात ठेवायचा, ते काम कोडला जमलं नाही. सीट गेल्या, चाकं गेली, दोनेक वर्षांत कंपन्याही गेल्या. २०१८ मध्ये शहरातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्याही पुढे गेल्याच्या बातम्या आल्या.

आता सायकलवाले दोन तऱ्हांचे आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही. एक पहाटे सिंहगडाच्या किंवा कात्रजच्या दिशेने जाणारा. हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा, सायकलीची किंमत स्कूटरपेक्षा जास्त. गाडीवाल्याने दाबलं तर हा जाब विचारतो, कारण घरी त्याचीही गाडी असते. रस्त्यावरच्या हक्काबद्दल जे बोललं, लिहिलं जातं ते बहुतेक याच्यामुळे. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, तिच्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले. प्रायोजक म्हणून तिच्या नावातच बजाज होतं.

दुसरा रात्री उशिरा सोसायटीच्या गेटवरून पाळी संपवून निघतो. हँडलला डब्याची पिशवी, कॅरियरवर कधी बरोबरचा सोबती बसलेला. मागून प्रखर दिवे आले की तो आपणहून चाक मातीत उतरवतो, गाडी गेली की पुन्हा डांबरावर चढतो. बाचाबाची तो कुणाशी करत नाही. त्याच्या सायकलीला बत्ती नसते, बिल्ला तर नसतोच. चौकातला पोलीस त्याच्याकडे वळूनही बघत नाही.