वाहत्या रक्तातली गुठळी

भूल दिलेला उंदीर पाठीवर झोपवलेला असतो. गळ्याजवळ छोटा छेद देऊन कॅरोटिड धमनी मोकळी केलेली असते. ती जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते. फेरिक क्लोराइडमध्ये भिजवलेला फिल्टर पेपरचा इवलासा तुकडा तिच्यावर ठेवतात आणि दोन-तीन मिनिटांनी उचलून धमनी सलाइनने धुतात. हे तेच तपकिरी द्रावण, ज्यात इलेक्ट्रॉनिक्सची मुलं सर्किट बोर्ड बुडवून नको असलेलं तांबं काढून टाकतात. मग रक्ताचा प्रवाह मोजणारा डॉप्लर प्रोब लावायचा आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचं. रक्तप्रवाहाची रेघ काही वेळ सरळ चालते, मग डळमळते आणि अखेर शून्यावर टेकते. गुठळीने धमनी बुजली. तोवर लागलेली मिनिटं हेच प्रयोगाचं उत्तर. औषध दिलेल्या उंदरात ती वाढली, तर औषधात दम आहे.

त्यासाठी जिवंत प्राणी कशाला, परीक्षानळीत रक्त गोठवून पाहता येत नाही का? हा प्रश्न रास्तच आहे. पण नळीतलं रक्त निपचित पडलेलं असतं. तिथे फायब्रिन या धाग्यासारख्या प्रथिनाची जाळी विणली जाते आणि तांबड्या पेशी तिच्यात अडकतात. धमनीत रक्त जोरात धावतं. जखमेपाशी त्या ओढीत टिकून राहायला प्लेटलेटना, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या रक्तातल्या चिमुकल्या पेशींना, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर या लांबलचक प्रथिनाचा आधार लागतो आणि हे प्रथिन प्रवाहाच्या जोरानेच ताणलं जाऊन उलगडतं. हृदयविकाराच्या झटक्यातली गुठळी या जातीची.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन फोल्ट्स यांनी 1970च्या दशकात हेच कुत्र्यांच्या हृदयधमनीत पाहिलं. धमनीभोवती प्लॅस्टिकचं कडं बसवून त्यांनी ती अरुंद केली. काही मिनिटांत प्लेटलेट साचत जाऊन प्रवाह मंदावायचा. कडं हलकेच हलवलं की गोळा सुटायचा, प्रवाह उसळायचा आणि पुन्हा घसरण सुरू. कागदावर करवतीचे दाते उमटायचे. अ‍ॅस्पिरिन दिल्यावर दाते नाहीसे झाले! हे निष्कर्ष 1976 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 1988 मध्ये 17,187 रुग्णांवरच्या आयसिस-2 चाचणीत झटक्यानंतर अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू 23 टक्क्यांनी कमी आढळले. त्या करवतीच्या रेघेचं मोल मला फार मोठं वाटतं.

तरी ‘उंदरात गुठळी रोखली’ अशी बातमी वाचली की मी आधी शोधतो, जखम कशी केली होती? फेरिक क्लोराइड धमनीचं अस्तर सोलतं आणि खालचं कोलेजन हे तंतुमय प्रथिन उघडं पडतं, असं अनेक वर्षं मानलं जायचं. 2013 मध्ये दिसलं की सुरुवातीला तांबड्या पेशीच अस्तराला चिकटतात आणि प्लेटलेट त्यांच्यावर येऊन बसतात. लेझरचा बारीक ठिपका मारून केलेल्या इजेत पुन्हा वेगळं चित्र: तिथे थ्रॉम्बिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या विकराचा, अंमल जास्त. त्यामुळे एकाच औषधाचा गुण एका पद्धतीत दिसतो, दुसरीत नाही.

शिवाय उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे. त्याच्या रक्तात प्लेटलेट आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आणि आकाराने लहान. माणसाच्या प्लेटलेटवर थ्रॉम्बिन ओळखणारं पार-1 नावाचं प्रथिन असतं, उंदराच्या प्लेटलेटवर ते नसतंच. त्यालाच अडवणारं व्होरापॅक्सार हे औषध तपासायला उंदीर कामाचा नव्हता, ते माकडांवर पारखावं लागलं.