कोअरचे हेडर वेगळे, चिपचे हेडर वेगळे

यू-बूट या बूटलोडरमध्ये (यंत्र सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) नव्या चिपसाठी कोड घालणाऱ्या पॅचमध्ये, म्हणजे बदलांच्या संचांत, एक घोळ वारंवार दिसतो. एखादी नोंद प्रोसेसर कोअरची आहे की त्या कोअरभोवती बांधलेल्या चिपची आहे, हे न ठरवताच ती हाताला लागेल त्या हेडर फाइलमध्ये, म्हणजे सामाईक व्याख्यांच्या फाइलमध्ये, टाकलेली असते. कोड त्या दिवशी चालतो, म्हणून कोणी हरकत घेत नाही. पुढची चिप आली की मात्र तीच फाइल जशीच्या तशी दुसऱ्या डिरेक्टरीत उतरवली जाते आणि एका दुरुस्तीसाठी चार ठिकाणी हात घालावा लागतो.

डिरेक्टऱ्यांची मांडणी वाचकांना माहीत असेल, म्हणून ती थोडक्यात सांगतो. २०१० च्या फेररचनेपर्यंत आर्म प्रोसेसरची हेडर ‘इन्क्लूड/एएसएम-आर्म’मध्ये असत, नंतर ती ‘आर्क/आर्म/इन्क्लूड/एएसएम’मध्ये गेली. कोअरची हेडर तिथे थेट असतात, उदाहरणार्थ ‘सिस्टिम.एच’ आणि ‘आर्मव्ही७.एच’. चिपची हेडर त्याखालच्या ‘आर्क-ओमॅप३’, ‘आर्क-एमएक्स६’, ‘आर्क-सनक्सी’ अशा डिरेक्टऱ्यांत असतात, किंवा नव्या पद्धतीप्रमाणे ‘मॅक-’ने सुरू होणाऱ्या डिरेक्टरीच्या पोटात असतात. बिल्ड करताना निवडलेल्या चिपच्या डिरेक्टरीकडे ‘एएसएम/आर्क’ ही सिमलिंक (दुसऱ्या डिरेक्टरीकडे बोट दाखवणारी नोंद) वळवली जाते. बोर्डाची माहिती ‘इन्क्लूड/कॉन्फिग्ज’मध्ये जाते आणि तिच्याबद्दल सहसा कोणाचा गोंधळ होत नाही.

निखळ कोअरची आणि निखळ चिपची नोंद ही दोन टोके ओळखणेही सोपे आहे. एमएमयू (मेमरीच्या पत्त्यांचे भाषांतर करणारा भाग) चालू करणारा बिट ०, डेटा कॅशचा बिट २ आणि इन्स्ट्रक्शन कॅशचा बिट १२ हे आर्मच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये ठरलेले आहेत; चिप कोणत्या कंपनीने बनवली याच्याशी त्यांचा संबंध नाही. उलट एएम३३५एक्स, ऑलविनर ए१० आणि आयएमएक्स५३ या तिन्ही चिपमध्ये कॉर्टेक्स-ए८ हाच कोअर असूनही त्यांची डीरॅम, म्हणजे मुख्य मेमरी, हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) अनुक्रमे ८०००००००, ४००००००० आणि ७००००००० या पत्त्यांपासून सुरू होते. हे पत्ते निर्विवादपणे चिपचे आहेत.

खरी फसगत मधल्या प्रांतात होते, आणि तिचे नेमके उदाहरण कॉर्टेक्स-ए९ मध्ये आहे. या कोअरसोबत स्नूप कंट्रोल युनिट (अनेक कोअरांच्या कॅशचा मेळ राखणारा भाग), इंटरप्ट कंट्रोलर आणि खाजगी टायमर येतात, आणि एका मूळ पत्त्यापासूनची त्यांची अंतरे आर्मने ठरवून दिली आहेत: स्नूप कंट्रोल युनिट शून्यावर, इंटरप्टचा सीपीयू इंटरफेस हेक्स १०० वर, खाजगी टायमर ६०० वर आणि इंटरप्टचा डिस्ट्रिब्युटर १००० वर. मूळ पत्ता मात्र चिप बनवणारा ठरवतो. ओमॅप४ मध्ये तो ४८२४०००० आहे, तर आयएमएक्स६ मध्ये ००ए०००००. घराचा आराखडा एकच असला तरी ते कोणत्या गट नंबरावर बांधायचे हे जमिनीचा मालक ठरवतो, तसाच हा प्रकार आहे. चिपच्या मॅन्युअलमध्ये मात्र मूळ पत्ता आणि अंतर यांची बेरीज करून तयार पत्ता छापलेला असतो. तो पाहून लिहिणारा ‘खाजगी टायमर ४८२४०६००’ अशी एकच व्याख्या करतो आणि ती कोणत्याही एका हेडरमध्ये टाकली तरी अर्धी चूकच ठरते. अंतरे आणि रजिस्टरांची रचना कोअरच्या हेडरमध्ये, मूळ पत्ता चिपच्या हेडरमध्ये आणि बेरीज वापराच्या ठिकाणी, हीच मांडणी मला मान्य आहे. ए९ मध्ये हा मूळ पत्ता कोप्रोसेसरच्या रजिस्टरमधूनही वाचता येतो. तिथे पत्ता हेडरमध्ये लिहिण्याचीही गरज उरत नाही.

शंका आली की मी एकच प्रश्न विचारतो: हाच कोअर उद्या दुसऱ्या कंपनीच्या चिपमध्ये बसवला, तर ही ओळ बदलेल का? बदलणार नसेल तर ती कोअरची, बदलणार असेल तर चिपची. ओळीचा काही भाग बदलणार आणि काही टिकणार असेल, तर ती ओळच फोडली पाहिजे. ‘आर्मव्ही७.एच’सारख्या फाइलमध्ये चिपच्या नावाचा ‘इफडेफ’ (ठरावीक अटीवरच कोड घेणारी सूचना) घालणे मला कोणत्याही कारणासाठी पटत नाही, कारण तो घातल्याक्षणी ती फाइल कोअरची राहत नाही.

नावांबद्दलही माझी ठाम तक्रार आहे. ‘आर्क-एएम३३एक्सएक्स’ आणि ‘आर्क-ओमॅप३’ या दोन्ही डिरेक्टऱ्यांत ‘सीपीयू.एच’ नावाची फाइल आहे आणि तिच्यात टायमर, वॉचडॉग, क्लॉक अशा चिपच्याच रजिस्टरांच्या रचना आहेत. नवा माणूस ते नाव पाहून कोअरची नोंदही तिथेच ठेवतो, यात त्याचा दोष नाही. ‘क्लॉक.एच’ किंवा ‘आयएमएक्स-रेग्ज.एच’ ही नावे त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहेत.

डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचे वर्णन कोडबाहेर ठेवणारी डेटा फाइल) आल्यानंतर हेडरमध्ये पत्ते हवेतच कशाला, असे विचारले जाते. मुख्य यू-बूटपुरते हे म्हणणे बरोबर आहे. पण एसपीएल, म्हणजे मुख्य यू-बूटच्या आधी चालणारा त्याचा छोटा भाग, डीरॅम सुरू होण्याआधी चिपच्या अंतर्गत रॅममध्ये चालते, आणि आयएमएक्स६ सोलोमध्ये ती अवघी १२८ किलोबाइट असते. तिथे अनेक बोर्डांना डिव्हाइस ट्री परवडत नाही आणि चिपचे हेडर लागतेच. मात्र ‘ड्रायव्हर्स’ डिरेक्टरीतील सामाईक ड्रायव्हरने ‘एएसएम/आर्क’मधून काहीही इन्क्लूड करू नये. एनएस१६५५० सारखा यूआर्ट (सिरियल पोर्ट चालवणारा भाग) अनेक कंपन्यांच्या चिपमध्ये असतो, त्याची रजिस्टरे त्याच्या स्वतःच्या हेडरमध्येच राहिली पाहिजेत.