बालगृहातून घरी: शंभर दिवसांच्या मुदतीमागचा इतिहास

मुलाला घरातून बालगृहात ठेवायचं की बालगृहातून घरी पाठवायचं, हे आज जिल्ह्याची बालकल्याण समिती ठरवते. एक अध्यक्ष, चार सदस्य आणि हाती प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार. समितीसमोर उभ्या राहणाऱ्या आईबापांकडे बहुधा वकील नसतो आणि एक दिवसाची मजुरी बुडवून ते आलेले असतात. २०२० मध्ये केंद्रातल्या बालहक्क आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना संस्थांमधली मुलं शंभर दिवसांत घरी पोहोचवायला सांगितलं; त्या मुदतीमागचा हा इतिहास.

मुंबई प्रांताचा १९२४ चा बालकायदा रस्त्यावर सापडणाऱ्या मुलांसाठी होता. मुंबईतल्या डोंगरीचं रिमांड होम त्याच काळातलं. बेवारस मूल आणि चोरीत पकडलेलं मूल एकाच व्यवस्थेत जाई. ‘रिमांड होममध्ये टाकीन’ हा धाक घराघरांत रुजला तो त्यामुळेच. १९८६ मध्ये देशभरासाठी एक बालन्याय कायदा झाला, १९९२ मध्ये भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला आणि २००० च्या कायद्याने बालकल्याण समित्या आणल्या.

सध्याचा २०१५ चा बालन्याय कायदा वाचला तर तो कुटुंबाच्या बाजूचा वाटतो. संस्था हा शेवटचा उपाय, सामाजिक तपासणी, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी, पंधरा दिवसांत, अंतिम आदेश चार महिन्यांत. पण ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक’ कोण, याची व्याख्या फार ऐसपैस आहे. सांभाळायला असमर्थ पालकांचं मूल तिच्यात बसतं. दारू पिऊन मारणारा बाप असमर्थ, आणि सहा महिने ऊसतोडीला जाणारी विधवा आईही असमर्थ. त्या बापापासून मुलाला वाचवायला हवं. त्या आईला मुलासाठी शाळेजवळ राहण्याची सोय आणि थोडे पैसे हवेत. दोघांची मुलं मात्र एकाच खोलीत झोपतात. महाराष्ट्रात कित्येक पालक स्वतःच मूल बालगृहात आणून सोडतात, कारण तिथे दोन वेळचं जेवण आणि शाळा मिळते. अशा घरात सरकारने मूल हिरावलं असं म्हणता येत नाही, आणि आईने टाकलं असंही नाही.

हा गुंता सप्टेंबर २०२० मध्ये उघड्यावर आला. केंद्रातल्या बालहक्क आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना सांगितलं की संस्थांमधली मुलं शंभर दिवसांत कुटुंबाकडे पोहोचवा. देशभरातल्या संस्थांमधल्या मुलांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक याच राज्यांत होती. कुटुंबात वाढणं हा मुलाचा हक्क आहे, हे आयोगाचं कारण होतं आणि ते तत्त्व म्हणून खरंच आहे. चूक मुदतीत होती. टाळेबंदीने रोजगार गेलेल्या घरात मूल पाठवताना ते घर कसं आहे हे पाहायला वेळ लागतो. घरी पाठवायचं की नाही हा प्रत्येक मुलाचा वेगळा प्रश्न आहे. तारीख आधी ठरली की तपासणी कागदावर उरते. सर्वोच्च न्यायालयानेही विचारलं की मुलांचं शिक्षण आणि सुरक्षितता न पाहता असा सरसकट निर्देश कसा देता येईल.

तोवर महामारीमुळे मुलं परतूही लागली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयासमोर आकडे आले: साथ सुरू झाली तेव्हा संस्थांमध्ये २ लाख २७ हजारांहून अधिक मुलं होती, त्यांतली १ लाख ४५ हजारांहून अधिक घरी किंवा पालकांकडे गेली होती. म्हणजे बहुतेकांना जायला घर होतं. इतकी वर्षं त्या घरांना काय कमी पडत होतं, हा प्रश्न मला या आकड्यांतून सगळ्यात जास्त बोचतो. न्यायालयाने घरी गेलेल्या मुलाच्या शिक्षणासाठी, घरची गरज पाहून, महिना २,००० रुपये द्यायला सांगितलं.

पुढे २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचे आदेश आणि समित्यांवरची देखरेख जिल्हाधिकाऱ्यांकडे वळली. अधिकार शासनाकडेच आणखी एकवटले. कुटुंबाला थेट मदतीची रक्कमही वाढली, पण उशिरा: केंद्राच्या योजनेत प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून मिळणाऱ्या मदतीचे, महिना ४,००० रुपये झाले, आणि मूल संस्थेऐवजी कुटुंबात सांभाळण्यासाठी असलेल्या महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत ४२५ वरून १,१०० व मग २,२५०. बालसंगोपनाचा अर्जही मंजुरीसाठी त्याच बालकल्याण समितीकडे जातो.