'गोइंग बॅक'च्या मागे: डेट्रॉइटचा ठेका लंडनला कसा पोचला

सप्टेंबर 2010 मध्ये ब्रिटिश ड्रमर-गायक फिल कॉलिन्सचा 'गोइंग बॅक' हा अल्बम आला. 18 गाणी, आणि त्यांतलं एकही त्याचं स्वतःचं नाही. बहुतेक साठच्या दशकातली, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या मोटाउन कंपनीची. त्या काळात अशा अल्बमांची लाटच होती. 2003 मध्ये मायकल मॅकडॉनल्डने मोटाउनची गाणी गाऊन आपली गाडी पुन्हा रुळावर आणली. त्याच वर्षी सोळा वर्षांच्या जॉस स्टोनने जुन्या सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या भावभऱ्या) गाण्यांवर पदार्पण केलं. 2008 मध्ये सील आणि 2009 मध्ये रॉड स्टुअर्ट याच वाटेने गेले. नवीन काही सुचेनासं झालं की गायक मंडळी जुन्या गाण्यांच्या आश्रयाला जातात, अशी कुजबुज तेव्हा होती. कॉलिन्सच्या बाबतीतही ती झाली, पण त्याचा हट्ट जरा वेगळा होता. गाण्यांना नवा रंग द्यायचाच नाही, ती पोरवयात कानावर पडली तशीच्या तशी पुन्हा वाजवायची, असं त्याने आधीच सांगून टाकलं होतं.

हा हट्ट कुठून आला ते पाहायचं तर डेट्रॉइटला जावं लागतं. तिथे 1959 मध्ये बेरी गॉर्डी या तरुणाने घरच्यांच्या सामाईक फंडातून 800 डॉलर कर्जाऊ घेतले आणि रेकॉर्ड कंपनी काढली. त्याआधी तो लिंकन-मर्क्युरी मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर कामाला होता. एका टोकाला नुसता सांगाडा शिरतो आणि दुसऱ्या टोकाने चकचकीत गाडी बाहेर पडते, हे त्याने रोज पाहिलेलं. गायकही असेच घडवता येतील, हे त्याचं गणित. वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरचं 2648 क्रमांकाचं साधं घर त्याने विकत घेतलं, दर्शनी भागावर 'हिट्सविल यू.एस.ए.' अशी पाटी लावली आणि गॅरेजचा स्टुडिओ केला. गाणी लिहिणारे वेगळे, चालण्याबोलण्याची रीत शिकवणारे वेगळे. कुठली रेकॉर्ड बाजारात जायची ते ठरवायला दर आठवड्याला बैठक होई.

या कारखान्याचं इंजिन मात्र गायक नव्हते. ते होते स्टुडिओत बसणारे वादक, पुढे 'फंक ब्रदर्स' म्हणून ओळखले गेलेले. बहुतेक जण मुळात जॅझवाले, रात्री क्लबात वाजवणारे. बेसवर जेम्स जेमरसन, ड्रमवर बेनी बेंजामिन, पियानोवर अर्ल व्हॅन डाइक, टॅम्बुरिनवर जॅक अॅशफर्ड. जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडायचा, पण त्याचा बेस गाण्याखाली नुसता टेकू म्हणून राहत नसे, स्वतःची वेगळी चाल गात असे. स्टीव्ही वंडरच्या 'अपटाइट'मध्ये बेंजामिनचा स्नेअर ड्रम चारही मात्रांवर पडतो. एरवी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडणारा ठोका असा सलग आला, की नाच न येणाऱ्याचाही पाय हलतो.

एवढं करून रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांची नावं नसत. मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ती पहिल्यांदा छापली गेली, तोवर 1971 साल उजाडलं होतं. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदात आयुष्य काढलेल्या गोव्याच्या वादकांची कहाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. 1972 मध्ये कंपनीने आपलं बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवलं आणि यातले बरेच जण डेट्रॉइटमध्येच मागे राहिले.

आता लंडन. ब्रिटनमध्ये ही गाणी आधी पोचली ती तिथल्याच पोरांच्या तोंडून. बीटल्सच्या 1963 च्या दुसऱ्या अल्बममध्ये मोटाउनची तीन गाणी आहेत. मार्च 1965 मध्ये 'टॅमला मोटाउन' या नावाने तिथे स्वतंत्र लेबल सुरू झालं. सुप्रीम्स, टेम्पटेशन्स वगैरे मोटाउनच्या मंडळींनी एप्रिलमध्ये दाखवल्या गेलेल्या, ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्डने सादर केलेल्या टीव्हीच्या खास कार्यक्रमात हजेरी लावली. त्याच सुमारास मोटाउनच्या कलाकारांचा ब्रिटनभर दौराही झाला, पण अनेक ठिकाणी खुर्च्या रिकाम्या राहिल्या. वेड होतं ते मॉड पोरांपुरतं: कडक इस्त्रीचे सूट, स्कूटर आणि अमेरिकेहून आलेल्या रेकॉर्डी.

कॉलिन्स तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि ड्रमच्या नादी लागून बरीच वर्षं झाली होती. लंडनच्या सोहो भागातल्या मार्की क्लबात 'द अॅक्शन' नावाचा मॉड बँड वाजवायचा. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन यानेच त्यांच्या रेकॉर्डी केल्या, पण नशिबाने साथ दिली नाही. कॉलिन्स त्यांचा निस्सीम चाहता. मार्था अँड द व्हँडेलाजचं 'इन माय लोन्ली रूम' हे या बँडने 1965 मध्ये रेकॉर्ड केलं होतं, आणि 'गोइंग बॅक'मध्येही ते आहे. म्हणजे डेट्रॉइटचं काही संगीत त्याच्यापर्यंत पोचलं ते लंडनच्या पोरांनी केलेल्या नकलेतून. खुद्द अल्बमचं नाव ज्या गाण्यावरून घेतलं तेही मोटाउनचं नाहीच. ते जेरी गॉफिन आणि कॅरोल किंग यांचं, आणि ब्रिटनमध्ये 1966 मध्ये गाजवलं डस्टी स्प्रिंगफील्डने.

जेनेसिसमधला ड्रमर, मग त्याच बँडचा गायक, मग एकट्याच्या बळावरचा पॉपस्टार हा कॉलिन्सचा प्रवास सर्वांना माहीत आहे. मोटाउन मात्र अधूनमधून डोकं वर काढतच होतं. सुप्रीम्सचं 1966 चं 'यू कान्ट हरी लव्ह' त्याने 1982 मध्ये जवळपास जसंच्या तसं रेकॉर्ड केलं. व्हिडिओत तो स्वतःच तीन सुप्रीम्स होऊन काळे चष्मे लावून उभा राहिला. जानेवारी 1983 मध्ये हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, तिथे मूळ गाण्यालाही हे साधलं नव्हतं. त्याच वर्षी मोटाउनच्या पंचवीस वर्षांचा टीव्हीवर मोठा सोहळा झाला. जेमरसनला आमंत्रण नव्हतं, तो तिकीट काढून वरच्या सज्जात बसला होता असं सांगतात. ऑगस्टमध्ये तो गेला.

इथे पैशाचं एक साधं गणित आहे. अमेरिकेत 1909 च्या कायद्यापासून, एकदा बाजारात आलेलं गाणं ठरलेला दर भरून कुणालाही पुन्हा रेकॉर्ड करता येतं. तो दर जातो गीतकार-संगीतकार आणि प्रकाशकाकडे. मूळ गायकाला किंवा वादकाला त्यातून दमडी मिळत नाही. जेमरसनची बेसची चाल उचलून कुणी लाखो रेकॉर्डी खपवल्या, तरी जेमरसनच्या घरी काही येत नव्हतं. 2002 मध्ये या वादकांवर माहितीपट आला तेव्हा कुठे त्यांची नावं लोकांना कळली. कॉलिन्सने बेसवादक बॉब बॅबिट आणि गिटारवाले एडी विलिस व रे मोनेट यांना रेकॉर्डिंगसाठी बोलावून घेतलं, याचं मोल म्हणूनच मला अल्बमच्या खपापेक्षा जास्त वाटतं.

ड्रम तो स्वतःच वाजवणार होता, आणि घोडं तिथेच अडलं. 2007 च्या जेनेसिसच्या दौऱ्यात त्याच्या मानेच्या मणक्यांना दुखापत झाली. 2009 मध्ये शस्त्रक्रिया झाली, पण हाताची पकड गेली ती गेलीच. शेवटी काठी हाताला चिकटपट्टीने बांधून त्याने बेंजामिनचे ठेके वाजवले.

ऐकताना हा ड्रमरचा अल्बम आहे हे कळतं. ताल, टॅम्बुरिनची किणकिण, खोलीतला किंचित घुमणारा नाद, सगळं तंतोतंत. गायन मात्र कमी पडतं. 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ लव्ह'मध्ये मोटाउनच्या फोर टॉप्स या गटाचा गायक लीवाय स्टब्स अक्षरशः गयावया करतो, कॉलिन्स ते गाणं नीट, सुरात म्हणतो. चर्चमधल्या गायनात वाढलेले गळे आणि लंडनच्या उपनगरातला गळा यांच्यातलं अंतर ठेक्याने भरून निघत नाही. ब्रिटिश श्रोत्यांची त्याला हरकत नव्हती. 1998 नंतर पहिल्यांदाच त्याचा अल्बम तिथे अव्वल ठरला. अमेरिकेत तो फारसा चालला नाही.

मोटाउनचा माल ब्रिटनमध्ये मुरून अमेरिकेत परतल्याचंही उदाहरण आहे. 1965 मध्ये मोटाउनच्या फ्रँक विल्सनचं 'डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)' छापून झालं, पण त्याने गायकीऐवजी निर्मितीचं काम पत्करल्यामुळे बहुतेक प्रती नष्ट करण्यात आल्या. एखाददुसरी प्रत इंग्लंडच्या उत्तरेकडच्या नाचघरांत पोचली आणि तिथल्या 'नॉर्दर्न सोल'च्या वेड्यांनी हे गाणं डोक्यावर घेतलं. 2009 मध्ये त्यातली एक प्रत 25 हजार पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली. 2022 मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने सोल गाण्यांचा अल्बम काढला, त्यात हे गाणं आहे.