रसेल की बर्ड? सेल्टिक्सच्या वादामागचे रकाने

बॉस्टन सेल्टिक्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाचा सर्वांत थोर खेळाडू कोण, हा वाद निघाला की दोन ओळी समोर ठेवल्या जातात. बिल रसेल: ९६३ सामने, सरासरी १५.१ गुण, २२.५ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू). लॅरी बर्ड: ८९७ सामने, २४.३ गुण, १० रिबाउंड, ६.३ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास). मग एक बाजू रसेलची ११ विजेतेपदं काढते, दुसरी विचारते की तेव्हा संघ होतेच किती. दोघांचेही आकडे खरे आहेत. घोळ होतो तो कुठला रकाना कधी सुरू झाला हे न पाहिल्यामुळे, आणि त्यात रसेलचं नुकसान जास्त होतं.

रसेल १९५६-५७ ते १९६८-६९ असे तेरा हंगाम खेळला. एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याचा शॉट अडवणं) आणि स्टील (चेंडू हिसकावणं) अधिकृतपणे मोजायला घेतले १९७३-७४ मध्ये. वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूंचा मानाचा संघ निवडायला सुरुवात झाली रसेलच्या अखेरच्या हंगामात, आणि सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार आला १९८२-८३ मध्ये. ज्या बचावासाठी रसेल ओळखला जातो त्याची नोंद जवळपास कुठेच नाही. शिवाय त्याचा ब्लॉक वेगळा होता. चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्याऐवजी तो हलकेच टोलवून कोर्टातच ठेवायचा, शक्यतो सहकाऱ्याच्या हाती. बाहेर गेलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याला परत मिळतो. आत राहिलेला सहकारी बॉब कूझीकडे जायचा आणि दोन पासमध्ये पलीकडच्या रिंगखाली पोहोचायचा. आजचं स्कोअरशीटही या दोन्ही ब्लॉकची नोंद सारखीच करतं.

रिबाउंडच्या बाबतीत मात्र रसेलचा आकडा फुगलेला दिसतो, तो कमी करूनच वाचला पाहिजे. १९६१-६२ मध्ये एक संघ सामन्यात सरासरी सुमारे १०७ शॉट मारायचा आणि त्यातले जेमतेम ४३ टक्के आत जायचे. म्हणजे ६२च्या आसपास चुकलेले शॉट. १९८५-८६ मध्ये साधारण ८८-८९ शॉट, त्यातले ४९ टक्के आत, चुकलेले ४५. या प्रमाणात २२.५ चे १६ होतात. रसेल सामन्यात ४२.३ मिनिटं खेळायचा, बर्ड ३८.४, तेही धरलं तर १५ उरतात. हिशेब ढोबळ आहे, पण बर्डच्या १० पेक्षा हा आकडा तरीही बराच वर राहतो.

एमव्हीपीचा, म्हणजे हंगामातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या पुरस्काराचा, इतिहास तर बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९७९-८० पर्यंत हे मत खेळाडू देत, त्यानंतर पत्रकार देऊ लागले. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंचे पहिला आणि दुसरा असे मानाचे संघ मात्र तेव्हाही पत्रकारच निवडत. रसेलला खेळाडूंनी पाच वेळा एमव्हीपी केलं: १९५८, १९६१, १९६२, १९६३ आणि १९६५. त्यातल्या पहिल्या तीन वर्षी पत्रकारांनी त्याला दुसऱ्या संघात ठेवलं. १९६१-६२ मध्ये प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे ५०.४ गुण केले, तरी त्याच्याविरुद्ध आणि रसेलविरुद्धही खेळणाऱ्यांनी मत रसेललाच दिलं. बर्डचे १९८४, १९८५ आणि १९८६ चे तिन्ही एमव्हीपी पत्रकारांच्या मतांचे. त्यांचं मोल त्याने कमी होत नाही, पण ‘पाच विरुद्ध तीन’ ही एकाच तराजूतली तुलना नव्हे.

फायनल्स एमव्हीपी, म्हणजे अंतिम फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, १९६९ मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी हरलेल्या लेकर्स संघाच्या जेरी वेस्टला मिळाला. म्हणून रसेलच्या नावावर शून्य, बर्डच्या नावावर दोन. १९६२च्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात ३० गुण आणि ४० रिबाउंड करणाऱ्याच्या नावावर शून्य! मालिकेचा निर्णायक सातवा सामना रसेल दहा वेळा खेळला आणि एकदाही हरला नाही.

संघांच्या संख्येचा आक्षेप योग्य आहे. १९५७ मध्ये लीगमध्ये आठ संघ होते आणि १९६६ पर्यंत गटात पहिला आलेल्या संघाला दोनच मालिका जिंकायच्या असत. बर्डच्या काळात बहुतेक हंगामांत २३ संघ होते. १९८६ला चार मालिका जिंकाव्या लागल्या आणि सेल्टिक्सने त्या एकूण १५ सामने जिंकून आणि फक्त ३ हरून जिंकल्या. पण १९६९ मध्ये १४ संघ होते, सेल्टिक्स पूर्व विभागात चौथे होते, रसेल खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही होता, आणि तीन मालिका जिंकून विजेतेपद त्यांनीच नेलं.

बर्डची बाजू भक्कम होते ती तो आल्या-गेल्यावर संघाचं काय झालं, हे पाहिल्यावर. १९७८-७९ मध्ये २९ विजय, तो आल्यावर ६१. १९८८-८९ मध्ये तो सहाच सामने खेळू शकला आणि आधीच्या हंगामातल्या ५७ विजयांचे ४२ झाले. रसेल निवृत्त झाल्यावर ४८ विजय आणि ३४ पराभवांचा संघ पुढच्या हंगामात ३४-४८ झाला. दोन्हीकडे एक सावधगिरी हवी: बर्डबरोबर बिल फिच हा नवा प्रशिक्षकही आला होता, आणि रसेलबरोबर सॅम जोन्सही निवृत्त झाला होता. जिच्यामागून मारलेल्या शॉटला तीन गुण मिळतात ती रेषाही बर्डच्या पहिल्याच हंगामात आली. कारकिर्दीतले त्याचे असे ६४९ शॉट आज थोडे वाटतात, कारण तेव्हा कोणताच संघ त्या रेषेभोवती डाव रचत नव्हता.

या भांडणात सेल्टिक्सच्याच जॉन हॅवलिचेकचं नाव मागे पडतं, हे खटकतं. आठ विजेतेपदं आणि २६,३९५ गुण. क्लबचा तो विक्रम अजून त्याचाच आहे.

आकड्यांपलीकडे शहर आहे. बॉस्टनजवळच्या रेडिंगमधल्या रसेलच्या घरात घुसून वर्णद्वेष्ट्यांनी नासधूस केली होती. १९७२ मध्ये त्याची ६ नंबरची जर्सी निवृत्त झाली ती प्रेक्षकांना आत सोडण्याआधी, कारण त्याला तसंच हवं होतं. शहरात पुतळा उभा राहिला २०१३ मध्ये. बॉस्टनच्या आठवणीत बर्ड जितका सहज बसतो तितका रसेल का बसला नाही, हे यातून कळतं.

२००९ पासून फायनल्स एमव्हीपीला रसेलचं नाव आहे. २०२४ मध्ये सेल्टिक्सने अठरावं विजेतेपद मिळवलं. त्या अंतिम मालिकेत संघात सर्वाधिक गुण, रिबाउंड आणि असिस्ट जेसन टेटमचे होते, पण फायनल्स एमव्हीपीची ११ पैकी ७ मतं प्रतिस्पर्धी डल्लासच्या लुका डॉन्चिचला बहुतांश वेळ रोखून धरणाऱ्या त्याच्या सहकारी जेलन ब्राउनला पडली.