चावी सोडली की इंजिन बंद : जुन्या मसल कारचं घरच्या घरी निदान

१९६८ ची डॉज चार्जर, म्हणजे दणकट इंजिनाची जुनी अमेरिकन मसल कार. चावी फिरवली की स्टार्टर घुमतो आणि इंजिन लगेच धडधडायला लागतं. चावी सोडली की त्याच क्षणी बंद. पुन्हा फिरवा, पुन्हा सुरू. सोडा, पुन्हा बंद. अशा गाडीचा मालक बहुतेक वेळा आधी पेट्रोल पंप बदलतो, मग कार्बोरेटर खोलून टेबलावर मांडतो, आणि एवढं करून गाडी होती तिथेच राहते.

उत्तर लक्षणातच दडलेलं आहे. इंजिन सुरू होतं, म्हणजे पेट्रोल येतंय, हवा येतेय, सिलिंडरमध्ये दाब तयार होतोय आणि ठिणगीही वेळेवर पडतेय. मग चावी सोडल्यावर बदलतं काय? ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या इग्निशन कॉइलला वीज मिळण्याचा रस्ता, बस. स्टार्टर घुमताना तो इतका करंट ओढतो की बॅटरीचं व्होल्टेज १० च्या आसपास उतरतं, म्हणून तेवढ्या वेळापुरती कॉइलला थेट बॅटरीची वीज दिलेली असते. चावी सोडली की वीज एका रेझिस्टरमधून वळवली जाते, नाहीतर कॉइल आणि तिचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट दोन्ही तापून जळतील. डॉज आणि प्लिमथ बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत हा बॅलास्ट रेझिस्टर म्हणजे इंजिनामागच्या पत्र्यावर बसवलेला चिनी मातीचा छोटा पांढरा तुकडा. आतली तार तुटली की नेमकं वरचं लक्षण दिसतं. किंमत काही डॉलर. जुन्या डॉज-प्लिमथवाले एक जादा रेझिस्टर ग्लोव्हबॉक्समध्ये टाकूनच फिरतात.

या गाड्या घरी शिकायला चांगल्या का, ते यातून कळतं. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंची, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवून ‘जीटीओ’ विकायला काढली आणि अमेरिकेत मसल कारची लाट आली. पुढे विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७३ चं तेलसंकट यांनी ती ओसरली. त्या दहाएक वर्षांतल्या इंजिनांत संगणक नाही आणि सेन्सरही जवळजवळ नाहीत. प्रत्येक कामाला वेगळा, डोळ्यांना दिसणारा भाग आहे, त्यामुळे प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारता येतो. अट एवढीच, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलण्याआधी मोजायचं. हे न पाळणारा माणूस गाडी दुरुस्त करत नाही, नुसता सुटे भाग विकत घेतो.

सुरुवात ठिणगीपासून करावी असं माझं मत आहे. कार्बोरेटरवर संशय घेण्याची सगळ्यांनाच घाई असते, कारण त्याचे स्क्रू समोर दिसतात आणि हात शिवशिवतात. पण ‘कार्बोरेटर बिघडलाय’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांचा खरा दोष इग्निशनमध्ये निघतो.

चार्ल्स केटरिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेली ही इग्निशनची रचना मराठी वाचकाला अनोळखी नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीत आणि अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये हीच कॉइल, हेच सीबी पॉइंट, हाच कंडेन्सर होता. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून करंट वाहतो आणि तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं, आणि फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या नियमाप्रमाणे बदलत्या क्षेत्रामुळे तारेत व्होल्टेज निर्माण होतं. जोरात वाहणाऱ्या पाण्याचा नळ झटकन बंद केला की पाइपात दणका बसतो, तसंच हे. जाड तारेत दोन-तीनशे व्होल्ट उसळतात; कॉइलमधल्या दुसऱ्या, बारीक तारेचे वेढे जाड तारेच्या साधारण शंभरपट, त्यामुळे तिथे २० हजार व्होल्ट आणि वर. नळ मात्र झटकन बंद झाला पाहिजे. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडत राहिली तर करंट रेंगाळतो आणि प्लगला काही उरत नाही. ती ठिणगी आवरण्याचं काम ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा छोटा कंडेन्सर करतो. पॉइंट वारंवार निळे-काळे पडून जळत असतील तर पॉलिश पेपरने घासत बसू नका, कंडेन्सर बदला.

इथला वेग लक्षात घ्या. व्ही-८ इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला २०० ठिणग्या लागतात. दर ठिणगीला वाटा पाच मिलिसेकंदांचा, आणि त्यातले जेमतेम ३.३ मिलिसेकंद पॉइंट मिटलेले असतात. तेवढ्या वेळात कॉइल भरली पाहिजे. पॉइंट ज्यात बसवलेले असतात आणि जो पाळीपाळीने प्रत्येक प्लगला ठिणगी पोचवतो, त्या डिस्ट्रिब्युटरच्या फिरण्याच्या अंशांत हा मिटलेला काळ मोजतात, त्याला ड्वेल म्हणतात. आठ सिलिंडर म्हणजे प्रत्येकाला ४५ अंश. शेव्हरलेच्या ३५० घनइंची इंजिनात त्यातले ३० अंश ड्वेल हवा. पॉइंटमधली फट फिलर गेजच्या पातळ पट्टीने मापता येते, पण वापरलेल्या पॉइंटवर खड्डा आणि उंचवटा तयार झालेला असतो, म्हणून गेज फसतं आणि ड्वेल मीटर फसत नाही. जनरल मोटर्सच्या तेव्हाच्या व्ही-८ डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला छोटी खिडकी असते. इंजिन चालू ठेवून त्यातून अ‍ॅलन की घालायची आणि मीटरवर ३० येईपर्यंत फिरवायची. इतकी सोय मला नंतरच्या फार थोड्या गाड्यांत दिसते.

ड्वेल झाल्यावरच टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडायची ते, लावायचं. क्रम उलटा केला तर टायमिंग पुन्हा हलतं, कारण पॉइंट उघडण्याचा क्षणच सरकलेला असतो. मिश्रण पेटल्यापासून पुरता दाब तयार व्हायला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. ३,००० फेऱ्यांना क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. म्हणून पिस्टन वर पोहोचण्याच्या कितीतरी आधी, साधारण ३५ अंश आधी, ठिणगी पाडावी लागते. मंद वेगाला ५ ते १० अंश पुरतात. हा फरक डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि स्प्रिंग आपोआप साधतात. ठिणगीबरोबर चमकून खूण दाखवणारा टायमिंग लाइट लावताना डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. खूण कोरलेल्या हार्मोनिक बॅलन्सरकडे, म्हणजे क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरच्या चाकाकडे, मात्र फारसं कुणी बघत नाही. त्याची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते. पन्नास वर्षांत रबर सुकतं आणि कडी घसरते. मग खूण शून्य दाखवते आणि पिस्टन भलतीकडेच असतो. टायमिंग पुस्तकाप्रमाणे लावूनही गाडी ओढत नसेल, तर पहिल्या सिलिंडरचा पिस्टन नेमका वर आणून खूण जुळते का ते आधी पाहावं.

शेव्हरलेच्या या इंजिनाची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ठिणग्यांचा क्रम आहे १-८-४-३-६-५-७-२. पाच आणि सात हे सिलिंडर शेजारी, आणि पेटतातही लागोपाठ. दोघांच्या प्लगच्या वायरी एकमेकींना चिकटून समांतर गेल्या, तर पाचच्या वायरीतल्या झटक्याने सातच्या वायरीत व्होल्टेज उमटतं आणि सातवा सिलिंडर वेळेआधीच पेटू शकतो. गाडी जोर लावला की मिसिंग करते. प्लग, कॅप, रोटर सगळं नवं असतं, दोष सापडत नाही. वायरी वेगळ्या खाचांत बसवल्या की काम झालं.

विजेचा दुसरा मोठा गुन्हेगार अर्थिंग. स्टार्टर घुमताना २०० अँपिअर ओढतो असं धरू. गंजलेल्या जोडात अवघ्या ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी तिथे दोन व्होल्ट खर्ची पडतात आणि ४०० वॅट उष्णता तयार होते. मल्टिमीटर ओहमवर ठेवून हा दोष दिसत नाही. मीटर जेमतेम करंट सोडतं, आणि तेवढ्याला केबलचा एक धड तंतूही पुरतो. म्हणून व्होल्टवर ठेवा. कॉइलची वायर काढून अर्थ करा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. मीटरने ०.३ व्होल्टच्या वर काही दाखवलं तर बॅटरी आणि स्टार्टर बिचारे निर्दोष आहेत. केबल काढा, जोड घासून चकचकीत करा.

आता पेट्रोल. इंजिन बंद असताना एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या घशात बघा आणि थ्रॉटल हाताने हलवा. दोन बारीक धारा उडाल्या तर बाउलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, पेट्रोल आहे आणि अ‍ॅक्सिलरेटर पंपही ठीक. हे पाहताना आसपास सिगारेट किंवा उघडा दिवा नको, हे वेगळं सांगायला नको.

मोठा बदल पेट्रोलमध्येच झालाय. अमेरिकेत पंपावर बहुतेक ठिकाणी १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला एक भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, आणि या मिश्रणाला सुमारे १४.१. संगणकवाली गाडी हे ओळखून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरची जेट म्हणजे ठरावीक आकाराचं भोक, तिला काय कळणार? मिश्रण किंचित पातळ राहतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या रबराच्या नळ्या मऊ करतं. भारतात २० टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या सांभाळणाऱ्यांपुढे हाच प्रश्न आणखी ठळक झालाय. निदान इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या तरी दोन्हीकडे घालाव्यातच.

उन्हाळ्यात गाडी ट्रॅफिकमध्ये गुदमरून थांबते, अर्ध्या तासाने आपसूक सुरू होते. हा व्हेपर लॉक. पेट्रोल पंप इंजिनला बोल्टने लावलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल खेचतो. खेचताना नळीतला दाब कमी होतो, कमी दाबाला द्रव लवकर उकळतो, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. पेट्रोलच्या नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावण्याचा जुना अमेरिकन तोडगा आहे. चिमट्याचं लाकूड फार उष्णता शोषेल असं भौतिकशास्त्र म्हणत नाही. नळी एक्झॉस्टपासून लांब न्यावी, मधे पत्र्याचा आडोसा द्यावा, त्याने फरक पडतो.

एकच उपकरण घ्यायचं असेल तर मी इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते मोजणारं व्हॅक्यूम गेज सुचवेन. स्वस्त आहे आणि काहीही न खोलता इंजिनच्या आतलं सांगतं. ठीकठाक स्टॉक, म्हणजे फेरफार न केलेलं, इंजिन समुद्रसपाटीला मंद वेगात १७ ते २१ इंच पारा दाखवतं. उंचीवर दर हजार फुटांना एकेक इंच कमी धरायचा. साधारण मैलभर उंचीवरच्या डेन्व्हरमध्ये १५ दिसले तर घाबरू नका. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा कुठून तरी हवा शिरतेय. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं गॅस्केटच्या कडेने फिरवलं तर सूं-सूं ऐकू येते. काटा ठरावीक अंतराने एकदा टपकन खाली येत असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळलेला असण्याची शक्यता मोठी. मग सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावायचं : इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली नसावा. एखादा फारच खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने त्यांची फट बुजली. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह गळतोय.

गाडी तापत असेल तर ती केव्हा तापते ते आधी विचारा. सिग्नलला उभी असताना तापते आणि पळायला लागली की थंड होते? पंखा, फॅन क्लच किंवा पंख्याभोवतीचं आवरण बघा, हवा कमी पडतेय. हायवेवर तापते? मग रेडिएटर चोंदलाय किंवा पाणी पुरेसं फिरत नाही. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नये. १५ पौंड दाबाच्या झाकणाखाली पाणी १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की त्याच क्षणी उकळतं आणि तोंडावर येतं.

ऑइलचा प्रश्न आधुनिक आहे. या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा उंचवटा सपाट लिफ्टरवर घासत जातो आणि दोघांमधला दाब प्रचंड असतो. तिथे जस्त आणि फॉस्फरसचं संयुग धातूवर पातळ थर धरून झीज थांबवतं. फॉस्फरस धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो, म्हणून नव्या मानकांनी हलक्या ऑइलमध्ये त्याचं प्रमाण ०.०८ टक्क्यावर आणलं. बऱ्याच नव्या गाड्यांत कॅमखाली घासणाऱ्या भागाऐवजी रोलर असल्यामुळे त्यांचं काही अडत नाही. जुन्या गाडीत, विशेषतः नवी कॅमशाफ्ट बसवल्यावर, जस्त जास्त असलेलं ऑइलच घालावं. पेट्रोलमधल्या शिशाबद्दल मात्र उगाच हळहळू नये. १९२१ मध्ये केटरिंग यांच्याच हाताखाली थॉमस मिजली यांनी नॉकिंग, म्हणजे इंजिनात मिश्रण ठोकल्यासारखं पेटणं, थांबवणारं शिशाचं संयुग शोधलं आणि ते विष पुढची कित्येक दशकं हवेत मिसळत राहिलं. अमेरिकेत ते रस्त्यावरच्या गाड्यांसाठी १९९६ पासून बंद आहे, भारतात २००० पासून. शिशामुळे व्हॉल्व्हची सीट कमी झिजायची; त्यासाठी हवी असेल तर कडक व्हॉल्व्ह सीट बसवून मिळते.

डेट्रॉईटच्या परिसरात राहणाऱ्यांची गाडी बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांमुळे हिवाळाभर गॅरेजमध्ये उभी असते, आणि ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो तेव्हा ती चालायला हवी असते. वसंतात पहिल्यांदा सुरू करताना बाउल कोरडा पडलेला असतो. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोल ओतू नका, बॅकफायर झाला तर ज्वाळा वर येते. बाउलच्या हवेच्या नळीतून छोट्या बाटलीने थोडं सोडा. गॅरेजचं दार पूर्ण उघडा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कॉइलची वायर काढून ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा, मधे त्याला थंड होऊ द्या. मग वायर लावा आणि चावी फिरवा.