बर्ड फ्लू : संशयित उद्रेकाची हाताळणी

पक्ष्यांना इन्फ्लुएंझा ‘ए’ विषाणूची लागण झाल्याची शंका येताच कुक्कुटपालन केंद्रावर करावयाची कार्यवाही. निदान पक्के होण्याची वाट पाहिल्यास मधल्या काळात माणसे, गाड्या व अंड्यांचे ट्रे यांच्यामार्फत रोग बाहेर पोहोचतो. म्हणून संशय हाच कार्यवाहीचा आरंभबिंदू धरतात.

इटलीत पशुवैद्यक पेरोन्चितो यांनी १८७८ मध्ये वर्णिलेली कोंबड्यांची साथ ही या रोगाची पहिली नोंद समजली जाते. हा रोग इन्फ्लुएंझाचाच आहे हे मात्र १९५५ मध्ये विषाणुशास्त्रज्ञ शेफर यांनी दाखविले. त्यामुळे त्यापूर्वीच्या साथींची ओळख लक्षणांवरूनच करावी लागते आणि त्यांतील काही रानीखेतच्या (मानमोडीच्या; कोंबड्यांचा दुसरा विषाणुजन्य रोग) असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तीव्र प्रकार बहुधा एच५ व एच७ उपप्रकारांत आढळतो. विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन (एच) प्रथिन छेदले गेल्यावरच तो पेशीत शिरू शकतो. सौम्य विषाणूचे हे प्रथिन श्वसनमार्ग व आतड्यातील विकरांनीच छेदले जाते. छेदस्थानी अल्कधर्मी ॲमिनो आम्ले वाढली की शरीरभर आढळणारे फ्युरिन हे विकर ते छेदते आणि सर्व अवयवांना संसर्ग होतो. सहा आठवड्यांच्या कोंबड्यांच्या शिरेत विषाणू टोचून काढलेला रोगकारकतेचा निर्देशांक १.२ पेक्षा अधिक आल्यास प्रकार तीव्र ठरतो. छेदस्थानाची क्रमवारी (तेथील ॲमिनो आम्लांचा क्रम) अधिक लवकर मिळते, त्यामुळे व्यवहारात तीच उपयोगी.

खाद्य-पाणी घटणे, मऊ कवचाची अंडी, निळसर तुरा, पायांच्या नळीवर लाल चट्टे आणि एकाएकी वाढलेली मरतूक ही लक्षणे शंकेस पुरेशी होत. बदकांत ती दिसतीलच असे नाही. पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवून फाटक बंद करावे. पक्षी, अंडी, लिटर (शेडच्या जमिनीवर पसरलेला भुसा), खाद्याची पोती काहीही बाहेर जाऊ देऊ नये. मेलेला पक्षी शेडमध्ये चिरू नये.

नमुने घसा व अवस्कर (विष्ठा व अंडी बाहेर पडण्याचा मार्ग) यांतून कृत्रिम धाग्याच्या बोळ्याने घेतात. लाकडी काडीचे बोळे पीसीआर (विषाणूची जनुके ओळखणाऱ्या) चाचणीत अडथळा आणू शकतात. नमुने वाहतूक-द्रवात (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवात), ४° से. तापमानाला पाठवितात, साध्या फ्रीजरमध्ये गोठवू नयेत.

निर्जंतुकीकरण फसते ते बहुधा क्रम चुकल्याने. विष्ठेवर ओतलेले क्लोरीन विष्ठेतच खर्ची पडते. चिखलाने भरलेल्या पायबुडीचेही (पाय बुडवण्यासाठी दाराशी ठेवलेल्या जंतुनाशकाच्या ट्रेचेही) तसेच होते. आधी लिटर खरवडून काढावे, मग साबणाच्या पाण्याने धुवावे (विषाणूचे मेदयुक्त आवरण साबणाने फुटते), पाणी निथळू द्यावे आणि मगच जंतुनाशक औषध फवारावे. जमिनीवर पाणी साचलेले असल्यास औषध विरळ होते. थंड, ओल्या विष्ठेत विषाणू दीर्घकाळ तग धरतो.

काम करणाऱ्यांनी एन-९५ मुखपट्टी, चष्मा व हातमोजे वापरावेत. उतरवताना हातमोजे आधी, मुखपट्टी शेवटी. शेवटच्या संपर्कानंतर १० दिवस ताप, खोकला व डोळ्यांची लाली यांवर लक्ष ठेवतात.